मीनंबाक्कमचा वारा आणि शेपटीचे चाक

चेन्नई पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाची वाट ठरलेली असते. मरीना, मैलापूरचे कपालीश्वर, टी. नगरातली साड्यांची दुकाने, एक दिवस महाबलीपुरम, की झाले! बीच स्टेशनवरून एगमोरमार्गे तांबरमला जाणाऱ्या लोकलमध्ये बसण्याचे त्याला काही कारण पडत नाही. पण ही लोकल सेंट थॉमस माउंट स्टेशन सोडून मीनंबाक्कम, तिरुसूलम, पल्लावरम अशी पुढे निघते, तेव्हा भारतीय विमानविद्येचा एक मोठा तुकडा खिडकीबाहेरून सरकत जातो. उजव्या हाताला परंगीमलैची टेकडी आणि त्यामागे विमानतळाचे विस्तीर्ण मैदान, डाव्या हाताला तिरुसूलमच्या खडकाळ टेकड्या. दर थोड्या वेळाने एखादे जेट विमान घरघरत खाली येते. डब्यातले कोणी मान वर करीत नाही.

परंगीमलै म्हणजेच सेंट थॉमस माउंट. माथ्यावर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधलेले चर्च आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानच्या महामोजणीची मद्रासची आधाररेषा याच टेकडीच्या पायथ्याजवळून दक्षिणेकडे आखली, कारण साखळ्या टाकून बारा किलोमीटर सरळ मोजत जावे एवढी सपाट जमीन इथे होती. सपाट जमीन आणि जवळ समुद्र, या दोन गोष्टी पुढे विमानांनाही आवडल्या.

मद्रासला विमान आले तेही मोठ्या गमतीने. माउंट रोडवर हॉटेल चालवणाऱ्या जाकोमो डी'अँजेलिस या गृहस्थाने स्वतःच्या आराखड्यावरून विमान बनवून घेतले, पल्लावरमला त्याची चाचणी घेतली आणि १९१० साली आयलंड ग्राउंडवर तिकीट लावून ते लोकांना दाखवले. पुढे १९३० साली मद्रास फ्लाइंग क्लब नोंदला गेला आणि मीनंबाक्कमच्या मैदानावर हौशी मंडळी उडायला शिकू लागली. १९३२च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण ते टपाल जुहूला संपले नव्हते. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते पुढे घेऊन निघाला, बेल्लारीला रात्र काढून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचला. त्या पहिल्या हवाई टपालाचे शेवटचे उतरणे झाले ते याच भागात.

ते विमान होते पुस मॉथ. क्लबात शिकवायला होती ती मॉथ घराण्यातलीच, पुढे टायगर मॉथ आली. या सगळ्या विमानांत एक गोष्ट सारखी होती. ती जमिनीवर उभी असत ती नाक वर आणि शेपूट खाली करून. पुढे पंखांखाली दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक लहानसा लोखंडी टेकू किंवा चिमुकले चाक. इंग्रजीत अशा विमानाला टेलव्हील म्हणतात, आणि लाडाने टेलड्रॅगर, म्हणजे शेपूट ओढणारे. दिसायला रुबाबदार. पण वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्यांना या शेपटीने घाम फोडला आहे.

ढकललेली गाडी आणि ओढलेली गाडी

हातगाडी ओढत न्यावी तर ती मुकाट्याने मागे येते. तीच मागून ढकलत न्यावी, तर पुढचे टोक जरा वाकडे झाले की गाडी भलतीकडे वळू पाहते. ढकलणारा जितका जोर लावील तितकी ती अधिक वळते. शेपटीचे चाक असलेल्या विमानाची तीच गत आहे. त्याच्या वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. जमिनीवर धावताना विमान किंचित तिरके झाले, की मागचे वजन पुढच्या चाकांना ओलांडून जाऊ पाहते. वळण वाढत जाते, शेपूट गर्रकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पाय मोडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. आजच्या प्रशिक्षण विमानांना नाकाखाली चाक असते आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे, म्हणून ती तिरकी टेकली तरी आपसूक सरळ होतात. फरक एवढाच, पण तो सारा शिकवण्याचा प्रकार बदलून टाकतो.

म्हणूनच जुने प्रशिक्षक विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून बजावत असत की चाके टेकली म्हणजे उतरणे झाले असे समजू नकोस. विमान थांबले, पंखा बंद झाला, चाकांना ठोकळे लागले, मग झाले. नवशिक्याचा घात इथेच होतो. हवेत असताना तो जिवाचे कान करून बसलेला असतो. चाके टेकतात, त्याचा श्वास सुटतो, पाय सैल पडतात आणि पुढच्या तीन सेकंदांत विमान आपल्या मर्जीने फिरते. गंमत अशी की वेग कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असे इथे होत नाही. शेपटीवरचा रडर वाऱ्याच्या झोतावर चालतो. विमान मंद होत गेले की रडरची ताकद ओसरते, आणि शेपटीचे चाक अजून पुरते कामाला लागलेले नसते. धावेच्या त्या मधल्या टप्प्यात विमानाला कोणीच वाली नसतो. अपवाद एकच, वैमानिकाचे दोन जागे पाय.

टेकवायच्या दोन रीती. एक, तिन्ही बिंदू एकदम. जमिनीपासून हातभर उंचीवर विमान तरंगत ठेवायचे, वेग मरत जाईल तशी स्टिक हळूहळू पोटाकडे ओढत राहायचे, आणि पंखांची उचल संपते त्या क्षणी पुढची चाके व शेपूट एकाच वेळी जमिनीवर ठेवायचे. दुसरी रीत, फक्त पुढच्या चाकांवर थोड्या अधिक वेगाने उतरायचे आणि मग शेपूट खाली आणायचे. जोराच्या वाऱ्यात ही बरी पडते. पहिल्या रीतीत नवशिका घाई करतो. उरलेली उंची त्याला कमी वाटते आणि चाके आपटतात. वजन मागे असल्याने शेपूट खाली दबते, नाक वर जाते, पंखांना पुन्हा उचल मिळते आणि विमान बेडकासारखी उडी मारते. घाबरलेला विद्यार्थी स्टिक पुढे ढकलतो, आणि दुसरी आपटणी पहिलीपेक्षा वाईट होते. यावर औषध एकच. इंजिनाला पुरी ताकद द्यायची, पुन्हा वर जायचे, एक फेरी मारून नव्याने यायचे. यात कमीपणा कसला? पण विशीतल्या पोराला तो वाटतो, आणि तो वाटू नये असे त्याला घडवणे हे प्रशिक्षकाचे निम्मे काम.

खरे सांगायचे तर ग्राउंड लूपमध्ये जीव क्वचितच जातो. जातो तो विमानाचा पंख, क्लबचा पैसा आणि विद्यार्थ्याचा दिमाख. जीव घेते ते त्याच्या मिनिटभर आधीचे वळण. धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठीचे शेवटचे वळण घेताना विमान खाली असते, वेग कमी असतो. वळण थोडे चुकले, धावपट्टी बाजूला राहू लागली, की नवशिका रडर दाबून नाक ओढून आणू पाहतो. आतला पंख उचल गमावतो, विमान गिरकी घेते, आणि सावरायला उंची उरलेली नसते. म्हणजे जमिनीवर आळशी पाय घात करतात, आणि हवेत फाजील उत्साही पाय. दोन्ही धडे एकाच पायांना द्यायचे! पातळ तळव्याचे बूट घालून या, असे शिकणाऱ्यांना सांगितले जाते ते याचसाठी. जाड तळव्याला पेडल काय म्हणते आहे ते कळत नाही.

कोल्हापूरच्या माणसाचे विमान

स्वातंत्र्यानंतर देशभरच्या फ्लाइंग क्लबांना स्वदेशी विमान मिळाले, त्यामागे एक मराठी नाव आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल या हवेच्या शास्त्रातल्या महापंडिताच्या हाताखाली शिकले आणि परतल्यावर बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमाने रेखाटू लागले. त्यांचे एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. मग १९५८ साली आले 'पुष्पक'. दोन माणसांचे, नव्वद अश्वशक्तीचे, पंख डोक्यावर असलेले साधेसुधे विमान. दीडशेवर पुष्पके बनली आणि गावोगावच्या क्लबांत गेली. ही दोन्ही विमाने शेपटीच्या चाकाचीच होती.

पुष्पकने शिकवण्यात एक मोठा बदल आणला, तो बसण्याच्या जागेचा. टायगर मॉथमध्ये प्रशिक्षक पुढच्या खळग्यात आणि विद्यार्थी मागच्या. दोघांमध्ये बोलण्यासाठी रबरी नळी. विद्यार्थ्याचे पाय प्रशिक्षकाला दिसत नसत. जोडलेल्या पेडलांमधून जे काही जाणवेल त्यावरून त्याने ओळखायचे की मागचा गडी घाबरून ताठ झाला आहे की झोपला आहे. पुष्पकमध्ये दोघे शेजारी शेजारी. आता पाय दिसू लागले, चेहराही दिसू लागला. मात्र टायगर मॉथवरून पुष्पकवर येणाऱ्याला एक गोष्ट नव्याने शिकावी लागे. टायगर मॉथचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता डावीकडे फिरतो, पुष्पकचा उजवीकडे. त्यामुळे उड्डाणाच्या वेळी एक विमान उजवीकडे खेचते, दुसरे डावीकडे. पायांना लागलेली सवय पायांनीच मोडायची!

दुपारचा पाहुणा

आता मीनंबाक्कमच्या वाऱ्याविषयी. चेन्नईकर त्याची उन्हाळ्यात चातकासारखी वाट पाहतात. मे-जून महिन्यांत सकाळभर वारा पश्चिमेकडून, तापलेल्या जमिनीवरून येतो. अंग भाजून निघते. मग दुपारी कधीतरी समुद्राकडून झुळूक येते, पडदे हलतात, माणसे गच्चीवर येतात. ती केव्हा येईल याचा नेम नसतो. पश्चिमेचा वारा जोरात असला तर उशिरा येते, कधी येतच नाही. गृहिणीला जे सुख, तेच शिकाऊ वैमानिकाला संकट. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरते. फेरी सुरू करताना पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे ठरलेले असते, आणि तेवढ्यात विंडसॉकची कापडी पिशवी लुळी पडते, डोलते आणि उलटी फुगते.

मैदान जेव्हा नुसते मैदान होते तेव्हा याचे एवढे काही नव्हते. मॉथ विमानाला दिशा कुठलीही चाले. वारा जिकडून, तिकडे तोंड. पक्की धावपट्टी आली आणि ही मोकळीक गेली. चेन्नईची मुख्य धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य अशी पसरली आहे, साडेतीन किलोमीटरहून लांब. समुद्रवारा आग्नेयेकडे झुकला की तो या पट्टीवर आडवा येतो. दुसरी पट्टी आग्नेय-वायव्य आहे, ती त्याच्या तोंडावर पडते. तिची लांबी वाढवली तेव्हा ती अड्यार नदीवरून पूल टाकून पलीकडे नेली. डिसेंबर २०१५च्या महापुरात सारा विमानतळच काही दिवस बंद पडला होता, तेव्हा या शेजारणीची ताकद सगळ्यांना कळली.

आडव्या वाऱ्यात टेलव्हील विमान उतरवणे ही खरी कसोटी. वाऱ्याकडचा पंख खाली झुकवायचा, उलट्या बाजूचा रडर देऊन नाक पट्टीच्या रेषेत ठेवायचे आणि एका चाकावर टेकायचे. मग दुसरे चाक, मग शेपूट. आणि टेकल्यावरही स्टिक वाऱ्याच्या बाजूलाच धरून ठेवायची, नाहीतर वारा तो पंख उचलतो. कागदावर हे चार ओळींत मावते. हातापायांत उतरायला आठवडे लागतात.

हात केव्हा घालायचा

या साऱ्यात सर्वांत अवघड जागा कोणाची? विद्यार्थ्याची नव्हे, शेजारी बसलेल्याची. विमानशिक्षणाच्या आरंभी, पहिल्या महायुद्धापर्यंत, धोक्याच्या गोष्टी विद्यार्थ्याला दाखवायच्याच नाहीत असा रिवाज होता. १९१७ साली इंग्लंडात गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने तो उलटा केला. धोका टाळू नका, तो दाखवा, त्यातून बाहेर कसे यायचे ते शिकवा, आणि हे करताना विद्यार्थ्याशी सतत बोला. ती रबरी नळी तिथलीच. जगभरच्या वैमानिक शाळा आजही मुळात त्याच वाटेने चालतात.

पण धोका दाखवायचा म्हणजे किती? चूक होताच प्रशिक्षकाने स्टिक हिसकावली, तर विद्यार्थ्याला कधी कळणारच नाही की चूक पुढे कुठे नेते. आणि अर्धा सेकंद उशीर केला, तर दोघांनाही ते भलत्याच रीतीने कळेल. चांगल्या प्रशिक्षकाचे हात उतरताना मांडीवर असतात, पण स्टिकपासून वीतभर अंतरावर. पाय पेडलला टेकलेले, पण दाब न देता. आवाज शांत. 'धर... अजून धर... आता पाय.' सायकल शिकवणारा बाप सीटमागचा हात सोडतो आणि तरी बरोबर धावत राहतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे पोरगा पडला तर बापही पडतो. कधी विद्यार्थी भीतीने गोठतो, रडरवर पाय ताठ रोवून बसतो, काही केल्या सोडत नाही. तेव्हा मोठ्याने, ठरलेल्या शब्दांत ताबा मागायचा असतो. विमान कोणाच्या हातात आहे याविषयी दोघांच्या मनात क्षणभरही शंका राहू नये, म्हणून हे शब्द आधीच ठरवून ठेवलेले असतात, 'आय हॅव कंट्रोल.'

आणि मग एके सकाळी, वारा पडलेला असताना, प्रशिक्षक विमान थांबवायला सांगतो, खाली उतरतो, आपल्या रिकाम्या जागेचे पट्टे नीट बांधतो, कारण सुटा पट्टा स्टिकमध्ये अडकू शकतो. 'एक फेरी मारून ये,' म्हणतो. पहिले एकट्याने उड्डाण! एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान भराभर वर चढते आणि उतरताना नेहमीपेक्षा लांबवर तरंगत राहते. हे आधी सांगून ठेवलेले नसेल तर पोराची भंबेरी उडते. खाली उभा असलेला प्रशिक्षक विंडसॉककडे आणि विमानाकडे आळीपाळीने पाहत असतो. त्या पाच-सात मिनिटांत त्याच्या हातात काही नसते.

आज पुष्पके क्लबांतून गेली. नवी मुले शिकतात ती बहुतेक नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर. ती विमाने क्षमाशील आहेत, आणि त्यामुळे अपघात टळले हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या विमानांच्या प्रेमापोटी कोणी पोरांची हाडे मोडून घेऊ नयेत. पण क्षमाशील विमान पायांना आळशी बनवते, हेही तितकेच खरे. अमेरिकेत १९९१पासून टेलव्हील विमान एकट्याने चालवण्याआधी वेगळे प्रशिक्षण घेऊन प्रशिक्षकाची सही आणावी लागते, ती काही उगाच नव्हे. आणि मीनंबाक्कमला आता मोठ्या विमानांची अशी रांग असते की लहान विमानाने उतरण्याच्या फेऱ्या मारायच्या कधी? जेटच्या पंखांमागे उरणारे हवेचे भोवरे शांत होईपर्यंत लहान विमानाला थांबावेच लागते.

मुलाला किंवा मुलीला वैमानिक करायचे स्वप्न पाहणाऱ्या आईबापांनी, आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्यांनी तर नक्कीच, एवढे ध्यानात ठेवावे. विद्यार्थी परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, व्यावसायिक परवान्यासाठी वय अठरा आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. पण शाळा निवडताना नुसते तास मोजू नयेत. त्या तासांत पोर किती वेळा उतरले, आडव्या वाऱ्यात शिकवतात का, 'पुन्हा वर जा' हे एकट्याने सोडण्याआधी घोटून घेतात का, आणि घाई असलेल्या बापाला 'अजून तयार नाही' असे तोंडावर सांगणारा प्रशिक्षक तिथे आहे का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'आहे' असेल, तर बाकीचे बहुधा ठीक असते.

लोकल पल्लावरम, क्रोमपेट सोडून तांबरमला पोहोचते. इथे वायुदलाचा तळ आहे, आणि त्यात फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल, म्हणजे प्रशिक्षकांची शाळा. १९४८ साली अंबाल्याला सुरू झालेली ही शाळा १९५४ साली इथे आली. त्या काळात वायुदलात शिकवण्यासाठी हार्वर्ड विमाने होती, जमिनीवर गर्रकन फिरण्याबद्दल जगभर बदनाम, आणि पुढे घाटग्यांचे एचटी-२ आले. आज तिथली विमाने नाकाखाली चाक असलेली आहेत. धडा जुनाच आहे. उत्तम उडणारे, अनुभवी वैमानिक इथे येतात आणि त्यांना हात आवरायला शिकावे लागते. हाताने जे चालले आहे ते तोंडाने त्याच क्षणी, त्याच लयीत सांगत राहण्याचा सराव ते करतात. दोघे जोडीने उडतात. एक विद्यार्थ्याचे सोंग घेतो आणि मुद्दाम चुका करतो. कधी उंची राखत नाही, कधी पाय विसरतो. दुसऱ्याने पाहायचे, बोलायचे आणि ठरवायचे, आता की अजून नाही. मग खाली येऊन जागा बदलायच्या.